अक्काची किडनी

वॉर्डात आली की अक्का आधी भावाच्या तोंडाकडे बघायचीच नाही. चादरीवरून त्याच्या ओटीपोटाच्या उजव्या अंगाला तळवा टेकवायची आणि म्हणायची, "माझं हाय ते. जपून वापर."

तिथं तिची किडनी होती. धाकटा भाऊ फौजेत असताना त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा जत तालुक्यातल्या या मेंढरं राखणाऱ्या बाईनं दूर मद्रासकडं जाऊन आपली एक त्याला दिली. सत्तरच्या दशकात ही गोष्ट इतकी नवी होती, की सांगलीच्या आमच्या इस्पितळात शिकाऊ डॉक्टर तिला नुसतं बघायला यायचे.

मी तिथं नर्स होते. मोजपात्रातली लघवी मी कागदावर टिपायच्या आत अक्का वाकून बघायची. "आज चांगलं दिलंय," म्हणायची, दुभत्या म्हशीबद्दल बोलावं तसं. भावावर रागावली की कानडीत बोलायची, आम्हाला कळू नये म्हणून. निम्म्या वॉर्डाला कानडी कळत होती, हे तिला कुणीच सांगितलं नाही. अशा माणसाला आपणही सांगितलं नसतं, नाही का?

भाऊ आला होता ताप आणि डोकेदुखी घेऊन. आधी सगळ्यांना क्षयाची शंका आली. मग पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात काळी शाई मिसळून डॉक्टरांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा बुरशी दिसली. मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेली. परकी किडनी अंगानं झिडकारू नये म्हणून तो ज्या गोळ्या घेत होता, त्यांनीच त्याची रोगाशी झगडायची ताकद घटवली होती.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. गोळ्या कमी कराव्या लागतील. बुरशीवरचं औषधही किडनीला जाचणारं. माणूस वाचेल, पण किडनी जाईल कदाचित.

भाऊ नको म्हणाला. "अक्का, तू दिलेलं मी घालवू कसं?"

 अक्का म्हणाली, "दिलं तवाच ते तुझं झालं. मी आपली उगं बोलतीया. गेलं तर जाऊ दे. तू ऱ्हा."

ती व्हरांड्यात गेली. मी पाणी घेऊन गेले, तर कुशीवरच्या जुन्या व्रणावर हात धरून उभी होती. मला बघून तिनं पदर सारखा केला.

औषध मुंबईहून आलं. उजेड लागू नये म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळायचा. थेंब सुरू झाले की तासाभरात तो थडथडा कापायला लागायचा, लोखंडी खाट वाजायची. अक्का त्याचे पाय दाबून धरायची आणि गावच्या भानगडी सांगत बसायची: कुणाची मेंढी कुणाच्या कळपात शिरली, पाण्याच्या टँकरपाशी कोण कुणाशी भांडलं. तो कापत कापत हसायचा. शेजारच्या खाटाही कान देऊन ऐकायच्या.

दहाव्या दिवशी लघवी निम्म्यावर आली. त्या आठवड्यात अक्का मोजपात्राकडे फिरकली नाही. शेवटी एका सकाळी मीच तिला बोलावून दाखवलं, लघवी वाढली होती.  तिनं माझा हात घेतला आणि नुसता धरून ठेवला.

दीडेक महिन्यानं पाठीतलं पाणी स्वच्छ आलं. किडनी जरा मंदावली, पण चालत राहिली. दोघं एस.टी.नं गावी गेले.

पुढं तपासणीला तो एकटाच आला. गाल भरले होते. अक्का कुठाय, मी विचारलं.

"शाळवाची काढणी हाय. म्हणली, तुझं तू जा, मला सवड न्हाई."

मला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, आणि बरंही वाटलं. तिनं माझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवली होती. फडक्याची गाठ एवढी घट्ट मारलेली, की सोडायला मला दात लावावे लागले.