पौष अमावस्येचं पान

दर्शना घाडी तशी भित्री बाई नव्हे. कणकवलीकडच्या माहेरी घरामागच्या परड्यात साप निघाला, की काठी घेऊन पहिली तीच पुढे. पण यंदाच्या थंडीत तिला एका आवाजाने पुरतं घाबरवून सोडलं. मांजर घुरघुरावं तसा तो आवाज तिच्या सहा वर्षांच्या नीलच्या छातीतून येई. घरात माणसं बोलत असली, कुकरची शिट्टी होत असली तरी तिला तोच ऐकू येई. मग हातातलं काम तसंच राही आणि ती दम्याचा पंप शोधायला धावे.

डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीसमोर जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवर उठत होता, आणि त्याच्या पायाशी काँक्रीट कालवायचा प्लांट बसला होता. दिवाळीनंतर तो सुरू झाला तशा चाळीच्या खिडक्या बंद झाल्या. तरी धूळ येईच. सकाळी पुसलेले देव दिवेलागणीला पाहावेत तर राखेत लोळून आल्यासारखे. दर्शना ते पुन्हा पुसायची, हात जोडायची आणि एकच मागायची, "देवा, याचा श्वास चालू ठेव."

दुसऱ्या मजल्यावर प्रिती तांबे राहायची. बालवाडीत शिकवायची, म्हणून सगळी तिला टीचरच म्हणत. तिची मुलगीही खोकत होती. तिने स्वतःसह आठ आया आपल्या खोलीत जमवल्या.

"पालिकेत अर्ज देऊन देऊन हात दुखले," ती म्हणाली. "आता वह्या भरायच्या. आणि बायांनो, कादंबरी नाही लिहायची. तारीख, पोराला किती वेळा ढास लागली, पंप किती वेळा दिला, आणि शेवटच्या रकान्यात प्लांट चालू की बंद. बस्स."

"टीचर, माझा नवरा पण खोकतो. त्याचं लिहू?" एकीने विचारलं.

"तो तंबाखूने खोकतो. त्याची वेगळी वही कर, दोनशे पानी."

सगळ्या हसल्या. दर्शनाही हसली. त्या थंडीतलं तिचं तेवढंच हसणं.

तिची वही सगळ्यांत नीटनेटकी. रोज देवापुढे दिवा लावला की तिथेच पाटावर बसून ती लिहायची. देवासमोर लिहिलेलं खोटं कसं असेल, असं तिचं तिलाच वाटे.

मग पौष अमावस्या आली. रविवार होता, प्लांटला सुट्टी. तरीही नील दोन दिवस खोकतच होता. सासूबाई, कमळाबाई, सकाळपासून त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. दुपार कलली तशा म्हणाल्या, "दृष्ट लागली हा गो पोराक. आज अवस आसा, आयतवार आसा. आजच काढूक होयी."

दर्शनाला त्यात वावगं काही वाटलं नाही. तिची काढली होती, तिच्या नवऱ्याची काढली होती, घरोघर काढतात. डब्यातून सात सुक्या मिरच्या तिनेच मोजून दिल्या. मीठ-मोहरी दिली. लोखंडी पाटीत निखारे तिनेच फुलवले. कमळाबाईंनी मूठ नीलवरून सात वेळा ओवाळली आणि निखाऱ्यांवर टाकली.

एरवी हे दार-खिडक्या सताड उघड्या असताना व्हायचं. धूर बाहेर जायचा, ठसका लागून माणसं हसायची. त्या दिवशी प्लांट बंद होता, पण तीन महिन्यांच्या सवयीने खिडक्या बंदच होत्या. कुणाच्या ध्यानीमनी आलं नाही.

मिरच्यांचा धूर खोलीत कोंडला. सगळ्यांना ठसका लागला आणि सगळ्यांचा थांबला. नीलचा थांबेना. तो खोकायचाही बंद झाला, नुसता तोंड उघडून खांदे वर ओढू लागला. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले. दर्शनाने त्याला उचललं आणि तीन जिने कसे उतरली ते तिला आजही सांगता येत नाही. टॅक्सीत तो तिच्या मांडीवर होता आणि तिला वाटत होतं, हा हलका होत चाललाय.

इस्पितळात मशीन लावलं. तासाभराने ओठांवर रंग आला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कसला धूर वगैरे?"

"समोर प्लांट आहे," दर्शना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नीलला घरी आणल्यावर ती वही घेऊन पाटावर बसली. नवरा धनेश लिफ्टच्या दुरुस्तीला पुण्याला गेलेला, तो संध्याकाळी येऊन विचारणार होता. त्याची आई म्हातारी, बोल तिच्यावर येणार. मिरच्या आपण दिलेल्या. रविवारच्या तारखेपुढे शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं, 'चालू'.

एवढाच एक शब्द. पण प्रितीने आठही वह्या चाळल्या आणि नेमकं तेच पान उचललं. "पोराला मशीन लागलं, याहून मोठा पुरावा कुठला?" त्याची झेरॉक्स अर्जाच्या अगदी वर लागली. वॉर्ड ऑफिसात सुनावणीची तारीखही पडली.

त्या दिवसापासून दर्शनाला दोन भीती. रात्रंदिवस पोराच्या श्वासाची, आणि दिवा लावताना देवाच्या नजरेची. खोटं आपण लिहिलं, फेडायला देव पोराला तर नाही ना धरणार?

सुनावणीच्या सकाळी जिन्यातच तिने प्रितीला सगळं सांगितलं. प्रिती पायरीवर बसली.

"आणि हे आता सांगतेस? वरात दारात आल्यावर लग्न नको म्हणायचं?"

"टीचर, पान काढून टाकूया."

"प्रत प्लांटवाल्यांकडेही गेलीय. कालच." प्रितीने कपाळ चोळलं. "गप्प बस. कोण कॅलेंडर बघतंय? आठ पोरांचा प्रश्न आहे, दर्शना. तुझ्या एकटीचा नाही."

वॉर्ड ऑफिसात टेबलापलीकडे साहेब, अलीकडे आठ आया, आणि बाजूच्या खुर्चीवर कंत्राटदाराचा माणूस. इस्त्रीचा शर्ट. तो झेरॉक्स वाचत होता. मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि बोटाने काहीतरी मागे मागे सरकवू लागला. दर्शनाने ओळखलं, हा तारीख बघतोय.

"घाडी कोण?" साहेबांनी विचारलं. "हे पहिलं पान तुमचं ना? सांगा काय झालं."

ती उभी राहिली. प्रिती तिच्याकडे बघत नव्हती.

"साहेब, त्या दिवशी प्लांट बंद होता. रविवार होता. मी खोटं लिहिलं. आम्ही मिरच्यांनी दृष्ट काढली, त्या धुराने झालं."

कंत्राटदाराचा माणूस मोठ्याने हसला. "घ्या! घरात मिरच्या जाळतात आणि बिल आमच्या नावावर. साहेब, बाकीच्या सात वह्या पण अशाच असणार."

"मिरच्या मी जाळल्या," दर्शना म्हणाली. "पण त्या माझ्या आजीच्या आजीपासून जाळतायत. पोरं ठसकायची आणि खेळायला पळायची. माझ्या खिडक्या का बंद होत्या ते यांना विचारा. आणि दोन दिवस आधीपासून तो का खोकत होता, ते पण."

साहेबांनी त्या पानावर फुली मारली. "हे मी धरत नाही. बाकीची पानं तपासतो. प्लांट बंद असलेले दिवस आणि चालू असलेले दिवस. आणि जागेवर येईन. कधी, ते सांगणार नाही."

घरी येऊन तिने सासूबाईंनाही सांगितलं. कमळाबाई बराच वेळ नीलच्या चपला सरळ करत बसल्या. मग म्हणाल्या, "धुरान झाला, ह्या माका कोणी सांगूक नाय गो," आणि पदर तोंडाला लावला.

साहेब मंगळवारी आले. प्लांट धडधडत होता. त्यांनी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. नील कॉटवर चित्रं काढत होता.

"ही खिडकी उघडा," साहेब म्हणाले. "दहा मिनिटं राहू दे. मुलाला काय होतं ते मला बघायचंय."

दर्शनाने खिडकी उघडली. पांढुरकी धूळ उन्हातून आत आली. एक मिनिट गेलं. नीलने नाक चोळलं. दोन मिनिटं. दारात प्रिती आणि बाकीच्या आया श्वास रोखून उभ्या. आणि दर्शनाला उमगलं, की त्या सगळ्यांबरोबर आपणही वाट बघतोय. खोक रे बाळा, एकदा खोक, असं आपलंच मन म्हणतंय. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तीन महिन्यांत कशाची वाटली नसेल एवढी भीती तिला त्या क्षणी स्वतःची वाटली.

तिने खिडकी धाडकन लावली.

"दर्शना!" प्रिती कळवळली.

"नाही साहेब," ती म्हणाली. "तुम्हाला पुरावा हवा तर बाहेर गॅलरीत उभे राहा दहा मिनिटं. माझ्या पोरावर नाही बघायचं."

साहेब रुमाल नाकाला लावून गॅलरीत गेले. कमळाबाईंनी त्यांच्यामागे खुर्ची नेऊन ठेवली आणि कठड्याला टेकून स्वतःही तिथेच उभ्या राहिल्या. आत दर्शना नीलच्या पाठीवर हात ठेवून बसली. बाहेर साहेब लिहीत होते. काय, ते खिडकीच्या धुळकट काचेतून दिसत नव्हतं.