पलीकडच्या वाडीकडं तोंड केलेला कर्णा

डोंगरातल्या गवतातून चालून आलं की पायजम्याला कुसळं चिकटलेली असतात. ती कुणी मुद्दाम आणत नाही. घरी येऊन उंबऱ्यावर बसायचं आणि एकेक उपटून काढायचं. पास्टर याकोब यांच्याबरोबर माझं निम्मं आयुष्य डोंगरात गेलं, आणि किस्से असेच चिकटत गेले. आता डोंगर चढवत नाही, म्हणून बसल्या बसल्या काढतोय. माझी शाळा चौथीपर्यंतची, बोलणंही सावकाश. घाई असेल त्यानं आधी चहा पिऊन यावा.

*

याकोब यांना सगळे आण्णा म्हणायचे. राहायला गडहिंग्लजला. दर रविवारी नेसरीच्या पुढं डोंगरावरच्या एका वाडीत जाऊन उपदेश करायचे आणि गाणी म्हणायचे. गाणी त्यांचीच, चालीही त्यांच्याच. मी लग्नाच्या बँडमध्ये होतो. एका नाताळाला त्यांनी मला ढोलकीसाठी एका दिवसापुरतं बोलावलं. तो दिवस अजून संपलेला नाही!

त्या वाडीसमोर खोल दरी, आणि दरीपलीकडं दुसरी वाडी. सुरुवातीला आम्ही तिकडंही गेलो होतो. तिथल्या कारभाऱ्यानं आम्हाला गूळपाणी दिलं आणि म्हणाला, "पावणं, पाणी प्या आन मुकाट खाली उतरा. आमचा द्येव हाय आमाला."

आण्णा भांडले नाहीत. उतरले. पण पुढच्या रविवारी अलीकडच्या वाडीत त्यांनी आमचा लाउडस्पीकरचा कर्णा उचलला आणि त्याचं तोंड दरीकडं फिरवलं.

"आण्णा, आपली माणसं मागं बसल्याती," मी म्हणालो.

"त्यास्नी मी दिसतोय की!"

तेव्हापासून कर्णा कायम तिकडंच. पलीकडून कधी कुणी आलं नाही. हो नाही, की नको नाही. उतरताना आण्णा दर वेळी मागं वळून बघायचे आणि विचारायचे, "यशवंता, तिकडं कुणी ऐकत असंल का रं?"

"ऐकत असंल की," मी म्हणायचो. मला तरी काय माहीत!

*

आमच्या कर्ण्याच्या मशीनची वायर पहिल्यापासून सैल. माइक हातात धरला की आधी खरखर. मग आण्णा म्हणायचे, "हॅलो, हॅलो. यशवंता, वायर हलीव!" मी ढोलकी मांडीवरून काढायचो, वायर हलवायचो. खरखर थांबली की आण्णा दोनदा खाकरायचे आणि गाणं सुरू. किती वर्षं? सगळी वर्षं.

आण्णांची बायको मार्थाक्का तोंडाची फटकळ. ती एकदा म्हणाली, "तुमचा प्रभू आंधळ्यास्नी डोळं देतोय, आन तुमास्नी एक वायर दीना व्हय?"

आण्णा म्हणाले, "मागितलीच न्हाय की."

"का?"

"यशवंताला काम काय ऱ्हाईल मग?"

*

वाडीतल्या शांताबाईची म्हैस दूध देईना. शांताबाई आमच्यातली नव्हे, पण म्हशीसाठी तिचं कुठल्याच देवाशी वाकडं नव्हतं. आण्णांनी म्हशीच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. म्हशीनं संध्याकाळी दूध दिलं, आणि डेअरीत फॅटही जास्त लागला!

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो, तर पटांगणात माणसं थोडी आणि म्हशी उदंड.

"अवो, मी माणसांसाठी आलोय," आण्णा म्हणाले.

"माणसं बरी हायत," शांताबाई म्हणाली. "तुमी म्हशीचं बघा."

शांताबाईची म्हैस तर पुढं गाण्याला सोकावली. पहिलं कडवं संपलं की हमखास येऊन वायरीवर उभी राहायची. मग आण्णा माइकमधूनच ओरडायचे, "कुणाची म्हस हाय रं ती? बाजूला घ्या की!" आणि त्याच दमात दुसरं कडवं.

*

आमच्या पंथात बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर चार थेंब शिंपडून भागत नाही. माणूस पुरता पाण्याखाली गेला पाहिजे. मार्थाक्काचा भाऊ दाविद आयुष्यभर दारू पीत होता. एका उन्हाळ्यात त्याला अचानक पश्चात्ताप झाला, आणि नेमका तेव्हाच ओढा आटलेला!

"पावसाळ्यापर्यंत थांब," मी म्हणालो.

"तवर ह्याचं मन ऱ्हातंय व्हय!" मार्थाक्का म्हणाली.

शेवटी एका गुऱ्हाळवाल्याला गाठलं. गुऱ्हाळ बंद होतं. गूळ आटवायची मोठी काहील रिकामी होती. ती पाण्यानं भरली आणि दाविदला आत झोपवला. दाविद अंगानं दांडगा, काहील उथळ. पोट दाबलं की पाय वर, पाय दाबले की डोकं वर! आण्णा डोक्याकडं, मी पायाकडं, मार्थाक्का पोटावर. तिघांनी मिळून बुडवला. गुडघे तेवढे कोरडे राहिले. आण्णा म्हणाले, "प्रभू समजून घेईल." अंगाला मुंग्या लागल्या त्या वेगळ्याच.

महिन्याभरात दाविद परत गुत्त्यात सापडला. आण्णा दारात उभे.

"दाविद, तुझा बाप्तिस्मा झालाय की रं!"

दाविद डोळे पुसत म्हणाला, "माझा झालाय, आण्णा. गुडघ्यांचा कुठं झालाय? ती मला वडून आणत्यात!"

*

आमची एसटी घाटात दम टाकायची. एकदा गाडी मधेच थांबली. आण्णांनी मागच्या सीटवर बसून गाणं सुरू केलं, आणि गाडी चढली. झालं! त्या दिवसापासून घाट लागला की ड्रायव्हर आरशात बघायचा.

"आण्णा झोपल्यात का जागं हायत?"

"झोपल्यात," कंडक्टर सांगायचा.

"उठीव. चढ आलाय."

*

आण्णांचा आवाज बसलाय, हे पहिल्यांदा त्या ड्रायव्हरलाच कळलं. गाडी चढली, पण तो म्हणाला, "आज लई जोर लावाय लागला. आण्णास्नी दवाखान्यात न्या."

कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. घशात गाठ होती. ऑपरेशन झालं, जीव वाचला. डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "बोलणं थोडंफार येईलही. गाणं मात्र विसरा."

मार्थाक्का उठली आणि बाजारातून पाटी-पेन्सिल घेऊन आली.

आण्णा पाटी घेऊन डोंगरावर जाऊ लागले. ते लिहायचे, मी मोठ्यानं वाचायचो. माझं वाचन चौथीचं. मी पहिली ओळ लावेपर्यंत आण्णांचा हात भरात यायचा आणि ते पुसून पुढचं लिहायचे. लोकांना निम्माच उपदेश मिळायचा.

शांताबाई म्हणाली, "निम्माच बरा हाय, आण्णा. म्हशी येळेवर सुटत्यात."

आण्णा आवाज न करता हसले. मग पाटीवर लिहिलं आणि माझ्यापुढं धरलं. या वेळी पुसलं नाही. "तिकडं कुणी ऐकलं असंल का रं?"

मी नेहमीसारखं उत्तर द्यायला गेलो. मग पाटीच घेतली आणि खाली लिहिलं, "ऐकलं असंल की."

*

त्यानंतरच्या नाताळाच्या सकाळी आण्णांनी पाटीवर लिहिलं, "मशीन घे."

गाणारं कुणी नाही, मशीन कशाला, असं मी विचारलं नाही. वर जाऊन कर्णा नेहमीच्या खडकावर ठेवला. तोंड दरीकडं. मी सवयीनं ढोलकी मांडीवर घेतली. आण्णांनी माइक हातात धरला आणि उभे राहिले. तोंड उघडलं. आवाज नाही. मशीनची तेवढी खरखर. माणसं खाली मान घालून बसली. मार्थाक्का पुढं झाली, त्यांचा दंड धरून म्हणाली, "चला, बसा आता."

तेवढ्यात दरीपलीकडून आवाज आला. एका म्हाताऱ्याचा, लांबवलेला, सुरातला:

"हॅलोऽऽ, हॅलोऽऽ!"

मागोमाग पुष्कळ आवाज. बाया, बापई, पोरं, सगळी एका चालीत:

"यशवंताऽऽ, वायर हलीऽऽव!"

मग सगळी वाडी एकदम खाकरली. दोनदा. आणि गाणं आलं. आण्णांचं गाणं, आण्णांच्याच चालीत:

"डोंगराच्या धन्या, हाक माझी ऐक,
चुकल्यालं कोकरू कळपामंदी टाक..."

पहिलं कडवं संपलं. पलीकडची माणसं जराशी थांबली आणि मग त्याच सुरात, तितक्याच भक्तिभावानं:

"कुणाची म्हस हाय रं तीऽऽ, बाजूला घ्या कीऽऽ!"

आमच्याकडं शांताबाई मुकाट उठली आणि तिनं म्हैस बाजूला घेतली.

दुसरं कडवं सुरू झालं. आण्णांनी माइक दरीकडं धरला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बोटानं खूण केली.

मी ढोलकी मांडीवरून काढली आणि वायर हलवली.