मागच्या काचेवरचे ठोके

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचतो. पण खरं सांगू? हसायला वाचतो. बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो आणि कुठे काय घडलं असेल ते सांगतो... पिंपळावर आवाज आला तर वटवाघूळ, माळ्यावर आला तर उंदीर. माझ्याकडे प्रत्येकाचं उत्तर तयार असायचं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात भूत, अंगात येणं, नजर, उतारा हे सगळं उंबऱ्याबाहेर. आई तर माझ्यापेक्षा कडक. तीस वर्षं अंगणवाडी चालवली तिने. चौकात उताऱ्याचा नारळ दिसला तर घरी आणून त्याची चटणी वाटणारी बाई आहे ती. त्यामुळे हे लिहिताना मला स्वतःचीच थोडी लाज वाटते आहे. तरी लिहितो, कारण ते डोक्यातून जात नाही.

गाव आसेगाव, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशिम. मी नळयोजनेवर फिटर आहे. जमिनीखालची पाइपलाइन कुठे गळते ते शोधणं हेच माझं रोजचं काम. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे माझी जी फजिती झाली ती त्यामुळेच जास्त लागली.

आईला शुगर आहे, इन्सुलिन सुरू आहे, आणि दोन वर्षांपासून किडन्यांनीही हात टेकले. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला वाशिमला न्यावं लागतं. परत येताना तिला उभंसुद्धा राहवत नाही, मग एसटीचं नावच नको. म्हणून मी एक जुनी गाडी घेतली. सोळा वर्षांची, पांढरी, काचांना आधीच्या मालकाने लावलेली काळी फिल्म. इंजीन मस्त. पण मागच्या पावसाळ्यात डाव्या बाजूला, मागच्या सीटपुढे, म्हणजे आई पाय ठेवते नेमकं तिथे मॅटखाली पाणी साचायला लागलं. आधी नुसता ओल्या पोत्याचा वास यायचा. मग एका शुक्रवारी भर पावसात गाडी रस्त्यातच बंद पडली. मॅटखालून जाणाऱ्या वायरिंगच्या जोडात पाणी शिरलं होतं.

त्या दिवशी आईचा नंबर हुकला. डायलिसिस चुकलं की तिच्या अंगात पाणी साठतं, छाती भरून येते. सोमवारपर्यंत ती उशांना टेकून बसून होती, आडवं होताच येत नव्हतं. तिचा तो श्वासाचा आवाज ऐकून मी ठरवलं, ही गळती सापडलीच पाहिजे. पाऊस अजून महिनाभर तरी होता.

आधी एसीची नळी पाहिली. चिखलाने बुजली होती, मोकळी केली. मग पुढच्या काचेखालच्या जाळीत कडुनिंबाचा पाला कुजून बसलेला निघाला, तोही काढला. तरी पाणी आहेच! मग एका मिस्त्रीने दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं पाहिली आणि म्हणाला, "इथूनच शिरते." मीही शहाणा... सगळी भोकं सिलिकॉनने बंद करू दिली. ती भोकं पाणी बाहेर जायला असतात हो! आठ दिवसांनी दार लावलं की आत घागर हलवल्यासारखी खळखळ. आई हसून हसून बेजार. बायको म्हणाली, "गावाचे नळ सुधरवता, अन् घरच्या गाडीत विहीर बांधून ठेवली." बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिला टोमणा मारायला फळा लागत नाही.

शेवटी मंगरूळपीरच्या रफीकभाईंकडे गेलो. त्यांचं गाड्यांची सीट-कव्हरं शिवायचं दुकान. त्यांनी मॅट काढली, उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडर पसरली आणि म्हणाले, "दोन दिवस अशीच राहू द्या. पानी आपला रस्ता खुद दाखवते." दाखवला. पावडरीतून एक ओघळ मागच्या सीटच्या पाठीमागून आला होता. पण तो वर कुठून उतरतो ते दिसेना.

"आता दोन मानसं पायजेत," रफीकभाई म्हणाले. "एक भाईर पानी टाकीन, एक अंदर बॅटरी घेऊन बसीन. जल्दीबाजी नाही कराची. एक हात जागा भिजवाची, थांबाचं, मंग पुढं सरकाचं."

आत बसायला आईच तयार झाली. "मी बसीन. बसाचंच तं काम हाये ना? मले दुसरं काय येते आता." आमचं ठरलं ते असं. नळी एका जागी धरून मी थांबायचो. आत कोरडं असलं की आईने बॅटरीची मागची बाजू काचेवर एकदा ठोकायची, म्हणजे मी पुढे सरकायचो. थेंब दिसला की लागोपाठ ठोकायचं. दोन दुपारी आम्ही असं केलं. पुढची काच कोरडी, डावी दोन्ही दारं कोरडी. आईला हे काम इतकं आवडलं की ती शेजारणीला सांगायची, माह्याशिवाय संजूचं (म्हणजे माझं) पानच हालत नाही.

तिसरी दुपार गुरुवारची. दुसऱ्या दिवशी डायलिसिस. बायको शाळेत होती, घरी आम्ही दोघंच. पश्चिमेकडून आभाळ भरून येत होतं आणि मला त्याआधी टप आणि मागची बाजू उरकायची होती. आई जेवत होती. मी घाई केली, हे कबूल करतो. "आई, लवकर आटप व, पाऊस येऊन राह्यला."

"इन्सुलिन घेतलं नं आता. दोन घास तं खाऊ दे."

"आल्यावर खाजो."

ती ताट सरकवून उठली. "चप्पल घालून जाऊन बसतो गाडीत. तू मोटर लाव."

मोटर मागच्या अंगणातल्या टाक्यावर. ती सुरू केली आणि घराच्या बाजूच्या बोळीतूनच नळी ओढत पुढे आलो, घरातून आलो नाही. गाडीची दारं बंद होती. काळ्या फिल्ममुळे आतलं दिसत नाही, ते नेहमीचंच. मी टपाच्या पुढच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. थांबलो. आतून एक ठोका आला. पुढे सरकलो. थांबलो. ठोका.

हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे, त्यात फरक पडत नाही. किमान दहा-बारा ठोके होते. प्रत्येक वेळी मी थांबल्यावर थोड्या वेळाने, एकच. मी मधे काहीतरी बोललोही. "झोप तं नाही लागली?" असं काहीतरी. उत्तर आलं नाही, पण बंद काचेतून तसं ऐकू येतही नाही.

मागच्या डाव्या कोपऱ्यात, टपावरची रबराची पट्टी जिथे संपते तिथे नळी धरली... आणि लागोपाठ ठोके सुरू झाले. जोरात. काच थरथरली, ते माझ्या डाव्या हाताला जाणवलं, कारण तो हात काचेवरच टेकलेला होता.

मला इतका आनंद झाला! पाणी वाया जाऊ नये म्हणून मी नेहमी आधी मोटर बंद करतो, कामाची सवयच आहे ती. त्या दिवशी नळी तशीच खाली टाकली आणि दार उघडून म्हणालो, "सापडलं व आई! उतर आता."

सीटवर कोणी नव्हतं.

आधी वाटलं, पलीकडच्या दाराने उतरली. ते दार आतून लॉक होतं, बिघडल्यापासून आम्ही ते उघडतच नव्हतो. मी हाक मारली. मग घरात धावलो. आई पुढच्या खोलीत दाराजवळ जमिनीवर पडलेली होती. एका पायात चप्पल, दुसरी बाजूला. अंगावरचं लुगडं घामाने चिंब, डोळे अर्धे उघडे, हाकेला ओ नाही. बॅटरी तिच्या हाताजवळ पडलेली, सुरू. ताटात दीड पोळी तशीच होती. इन्सुलिन पोटात आणि अन्न ताटात, आणि ते माझ्यामुळे.

साखर बोटाने तिच्या गालाच्या आत चोळली. अर्धी खाली सांडली. पुन्हा चोळली. बऱ्याच वेळाने तिची जीभ हलली. मग शेजाऱ्यांना हाक मारून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शुगर पाहिली, बाटली लावली आणि विचारलं, "कधीपासून अशा पडल्या होत्या?" मी हिशोब केला. मी मोटर लावायला गेलो आणि ती चप्पल घालायला, तेव्हापासून. म्हणजे अर्ध्या तासाच्या वर. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. टपाची दुसरी बाजूही करायची, हे माझ्या मनात होतं. ते लागोपाठ ठोके आले नसते तर आणखी अर्धा तास मी तिथेच असतो.

इथपर्यंत माझ्याकडे उत्तर आहे. उन्हाने तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं की पत्रा वाजतो. मला ठोका अपेक्षित होता, म्हणून ठोका ऐकू आला. हातालाही तसाच भास झाला. मी स्वतःला हेच सांगितलं आणि बऱ्यापैकी पटवलंही.

पण संध्याकाळी आई शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागली, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "थेंब पाह्यला का तू?"

"कोणता थेंब?"

"अरे, पट्ट्याच्या वरच्या नटातून पडून राह्यला होता ना. पट्ट्यावरून ओघळून माह्या डाव्या गुडघ्यापाशी. इतकं ठोकलं मी."

मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. ग्लानीत माणूस काहीही बोलतो. पण रविवारी बायकोला काहीही न सांगता आत बसवलं आणि त्याच कोपऱ्यात नळी धरली. दोन मिनिटांनी तिने काच ठोकली. दार उघडलं तर ती सीटबेल्टच्या वरच्या नटाकडे बॅटरी धरून बसली होती. नटातून थेंब यायचा, पट्ट्यावरून खाली ओघळायचा आणि सीटच्या डाव्या कडेला पडायचा. टपाच्या पट्टीखालचं सीलंट तडकलं होतं, पाणी मागच्या काचेशेजारच्या पत्र्याच्या खांबाच्या आतून उतरत होतं. बाहेरून हे कोणालाच दिसणं शक्य नाही. मलाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. बायको खूश झाली.

सीलंट भरलं. त्यानंतर दोनदा चांगला पाऊस पडला, पावडर कोरडी राहिली. मग मंगळवारी वाशिमला जाताना मी आरशात पाहून आईला विचारलं, "आई, त्या दिवशी तू गाडीत कधी बसली होती?"

"तू मोटर लावाले गेला तव्हाच."

"अन् घरात कधी गेली?"

"तू उतर म्हनला तव्हा." ती जरा चिडलीच. "लय बरं वाटून राह्यलं होतं मले तिथं. पाय हलके, दम नाही, काही नाही. वाटे, आता गाडी सुरू होईन. मी कायले उतरली असती? तू म्हनला उतर, म्हनून उतरली."

मी गाडी बाजूला घेतली. पुढे चालवणं शक्यच नव्हतं, रडू आवरेना. मागून तिचा हात माझ्या खांद्यावर आला. नेहमीचा, सुयांनी निळा पडलेला.

"काय झालं रे? चाल ना, नंबर जाईन."

पत्रा वाजला असेल, हे मी अजूनही मानायला तयार आहे. पण तिला थेंब दिसला कसा, आणि रिकाम्या सीटकडे पाहून मी जे म्हणालो ते तिने ऐकलं कुठून, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. आयुष्यभर मी पाणी कुठून येतं ते शोधत आलो. हे मात्र मला शोधायचं नाही. शोधायला गेलो तर त्या दिवशी ती कुठे निघाली होती, तिथपर्यंत जावं लागेल.