पेंटरच्या भिंती

खोली भाड्याने घ्यायची झाली की पेंटर आधी भिंत ठोकून बघायचा. घरमालक नळाची वेळ सांगत असायचा, आणि हा मध्येच विचारायचा, "पाण्याचं ऱ्हाऊ द्या हो. भिंतीला ओल तर नाय ना?"

आमची ओळख अजिंठ्याची. मी तिथे शाळेत मास्तर. तो लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करून प्रवाशांना विकायचा. त्याच्या बायकोच्या हातचा चहा मी कितीदा प्यायलो असेन. तिचा एखादा फोटो काढून घे म्हटलं, तर म्हणायचा, "घरात पेंटर असताना फोटो कशाला, मास्तर?" ती तापाने गेली तेव्हा घरात तिचा फोटो नव्हता आणि चित्रही नव्हतं.

मग त्याने तिला भिंतीवर काढली. लांब डोळे, कललेली मान, गेरूचा रंग. थेट लेण्यातली राणीच. आमची ती चापूनचोपून लुगडं नेसणारी साधी बाई! मला हसू आलं. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

खोली सुटली, चित्र तिथेच राहिलं. पुढे शहरातल्या छावणीत तो फौजी साहेबांची तैलचित्रं करू लागला. माझीही बदली त्याच शहरात झाली होती. त्याच्या छावणीतल्या खोलीच्या भिंतीवर ती ताठ बसलेली, गालावर उजेड, अगदी साहेबिणीसारखी. नंतर वाळूजला तो कंपन्यांचे बोर्ड रंगवायला लागला, तेव्हा ती चार जाड रेषांत आली. लोक म्हणत, पेंटरचा हात बदलला. मला वाटतं, दर खोलीत त्याला ती थोडी कमी आठवायची, आणि उरलेली जागा तो धंद्याच्या सवयीने भरून काढायचा.

एका रविवारी त्याने मला मुद्दाम बोलावून घेतलं. वाळूजच्या भिंतीवरचं चित्र नुकतंच पूर्ण झालं होतं.

"मास्तर, तिला बघितलेलं आता तुमीच उरलात. खरं सांगा, अशीच व्हती का?"

मी खूप वेळ बघितलं. कपबशी आठवली, बांगड्या आठवल्या. चेहरा काही केल्या आठवेना.

"अगदी अशीच," मी म्हणालो.

"कपाळावरचं गोंदण मुद्दाम सोडलं व्हतं मी," तो हळूच म्हणाला. "तेवढंच पक्कं ध्यानात हाय. बाकीचं तुमाला इचारायचं व्हतं."

त्याने कपाळावर तीन हिरवे ठिपके दिले. मग पांढरा रंग घेतला आणि ठिपके सोडून सगळा चेहरा पुसून टाकला.

पुढे पेंटर वारला, तेव्हा त्या भिंतीवर तेवढेच होते.