वहिनीचा पुठ्ठा

घरात काही बिघडलं की वहिनीला आनंद व्हायचा, आणि तो ती लपवायचीही नाही. मिक्सर बंद पडो, नळाची धार बारीक होवो, नाहीतर आईचं शेजारच्या काकूंशी बिनसो, आम्ही सगळे कपाळाला हात लावून बसायचो आणि हिच्या चेहऱ्यावर सणासुदीचं तेज. पदर खोचून ती त्या बिघडलेल्या वस्तूसमोर उकिडवी बसायची आणि जणू वस्तूलाच विचारायची, "अडतंय कुठं?" पहिली दहा मिनिटं हात म्हणून लावायची नाही. आई वैतागून म्हणायची, "हाई नुसती देखत बठस." आणि अकराव्या मिनिटाला मिक्सर फिरायला लागायचा.

मी तिचा मत्सर करायचे. 'करायचे' हे क्रियापद जरा सोज्वळ झालं, अजूनही करते. ती शहाद्याहून लग्न होऊन सुरतेत लिंबायतला आमच्या दोन खोल्यांत आली तेव्हा मी मेकॅनिकलची इंजिनिअर झालेले होते, आणि गल्लीतली पहिली मुलगी इंजिनिअर म्हणून माझा तोरा होता. ही आली ती कापडाच्या तंत्राची इंजिनिअर. म्हणजे एका घरात दोन. वर माझ्याहून वर्षाने मोठी असून मला पहिल्या दिवसापासून 'ताई' आणि 'अहो जाहो'. मी तिला खुशाल 'अगं वहिनी' म्हणायचे. भांडायला जागाच ठेवली नाही तिनं, हा माझा तिच्यावरचा सगळ्यात जुना राग.

आप्पा लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला होते. बारा वर्षं मी त्यांचा डबा घेऊन तिथे गेले असेन. त्यांच्या एका लूमवर दुपारी धागे फार तुटायचे आणि सगळे सुताला शिव्या घालायचे. एकदा माझ्याऐवजी वहिनी डबा घेऊन गेली आणि तासाभराने परत आली. तिथे उभी राहून तिनं पाहिलं की दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन बरोबर त्या लूमच्या ताण्यावर, उभ्या धाग्यांवर पडतं आणि सूत सुकतं. फटीखाली ओलं गोणपाट टांगायला सांगितलं, आणि धागे तुटायचे कमी झाले. शेठ आप्पांना म्हणाले, "आ कोनी वहु छे?" 'ही सून कोणाची' हे आप्पांनी घरी येऊन चारदा सांगितलं. बारा वर्षं डबा नेणारी मुलगी कोणाची, हे शेठनी कधी विचारलं नव्हतं.

तरीही एक गोष्ट माझी होती. मला मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये जायचं होतं. कॉलेजातला एक सीनियर तिथे लागला तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. गच्चीवर साड्यांना लेस लावत बसलो असताना मीच हे वहिनीला सांगितलं. तिनं तो शब्दसुद्धा ऐकला नव्हता. मोठमोठ्या कंपन्या या लोकांना बोलावतात, त्यांचा धंदा का खुंटलाय ते विचारतात, असं मी तिला ऐटीत समजावलं. तिची सुई थांबली. "म्हणजे दुसऱ्याच्या घरी जायचं, अडतंय कुठं ते बघायचं, आणि त्याचा पगार घ्यायचा?" ती म्हणाली. "ताई, हे असं काम असतं?" मी हसले. तेव्हा हसायला नको होतं.

कन्सल्टिंगला जायचं तर आधी चांगली मास्टर्स डिग्री हवी. कोणती, यावर मी वर्षभर नुसती चकचकीत माहितीपत्रकं चाळत होते. वहिनीनं साडीच्या घडीत घालतात तो पुठ्ठा घेतला, उलटा केला, माझं नाव वर लिहिलं आणि आडव्या उभ्या रेघा मारल्या. एका बाजूला पाच डिग्र्या. दुसऱ्या बाजूला तिचे प्रश्न: इथून माणसं उचलायला कोण येतं, ज्यांना उचललं ते आधी काय शिकले होते, दोन वर्षांत खऱ्या कारखान्यात किती दिवस काढायला मिळतात. शेवटच्या घराला तिनं नाव दिलं होतं, 'न लागलेले काय म्हणतात'.

हे शेवटचं घर भरायला तिला महिना लागला. मी शिकून मोठ्या जागी लागलेल्यांना मेसेज पाठवत होते. ती शोधून शोधून न लागलेल्यांना पाठवायची. मोडक्या इंग्रजीत नाहीतर हिंदीत विचारायची, तुम्हाला का घेतलं नाही असं तुम्हाला वाटतं? मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. पण लोक तिच्याशी बोलायचे. "लागलेला पाच मिनिटं बोलतो आणि सगळं श्रेय स्वतःला देतो," ती म्हणायची. "न लागलेला तासभर बोलतो, आणि खरं बोलतो."

पुठ्ठा भरल्यावर तिनं तो माझ्यापुढे ठेवला. पहिल्या चार-पाच नावाजलेल्या कॉलेजांतलं एमबीए मिळालं तर डोळे झाकून जा, म्हणाली. नाही मिळालं तर मधल्या नावाच्या मागे लागू नका. तिथे या कंपन्या येतच नाहीत, नुसता काचेचा दरवाजा आहे. त्यापेक्षा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं एम.टेक. करा. कारखान्यांना सल्ला देणाऱ्या कंपन्या तिथून माणसं घेतात, आणि तुमचं बालपण कारखान्यात गेलंय, ते तिथे उपयोगी पडेल.

मला मोठ्या नावाचं मिळालं नाही. आणि एम.टेक.चं ऐकूनच मी नाक मुरडलं. लिंबायतमधून सुटायला शिकायचं, आणि पुन्हा यंत्रांच्याच मागे? मधल्या नावाचं एमबीए मी घेतलं. काचेचा दरवाजा खराच होता, आपोआप उघडायचा. दुसऱ्या वर्षी कंपन्या आल्या त्या विमा आणि कर्जं विकायला माणसं हवी म्हणून. सल्ला द्यायला कोणी बोलावलं नाही. मी सुरतेत परतले आणि रिंगरोडवर एका साडी निर्यातदाराच्या ऑफिसात लागले. ऑर्डरी वेळेवर गेल्या का ते बघायचं काम. आजही तेच बघते.

मी परतले त्याच उन्हाळ्यात वहिनीला मुंबईहून पत्र आलं. मी नाकारलेलं एम.टेक. तिला मिळालं होतं. मी नसताना स्वयंपाक आटोपून दुपारी अभ्यास करत होती म्हणे, प्रवेशपरीक्षेत पहिल्यांदा राहिली, दुसऱ्यांदा पास झाली. मी ढकललेलं ताट ती जेवणार होती. मी ते ढकललं होतं हे खरं, पण म्हणून पोटातली आग कमी होत नाही.

जायचं की नाही हे मात्र घरावर होतं. दादा सुरतेजवळच्या सचिन गावातल्या मिलमध्ये सुपरवायझर. त्याचं ना धड हो, ना धड नाही. बायको दोन वर्षं मुंबईला आणि आपण इथे, गावाकडचे काय बोलतील या काळजीत. आप्पा आईकडे बघायचे. आणि आईनं माझ्याकडे बघितलं. "तुले समजस त्यामातलं," ती म्हणाली. "तूच सांग, धाडू का तिले?"

सगळ्या घराची नजर माझ्यावर होती. वहिनी दाराशी कणीक मळत होती. मी म्हटलं, "त्या डिग्रीला तसा काही अर्थ नाही. एवढं घर सोडून जाण्यासारखं त्यात काही नाही." दादानं सुटल्यासारखा श्वास सोडला. वहिनीचे हात क्षणभर थांबले आणि परत चालू झाले.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत असताना ती आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली, मिक्सरसमोर बसायची तशी. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, अडतंय कुठं?"

मला खोटं बोलता आलं असतं. एकदा जमलंच होतं. पण ती तशी बघत असताना कोणाला जमलेलं मी पाहिलेलं नाही.

"माझ्यात अडतंय," मी म्हटलं. "मला मिळालं नाही ते तुला मिळतंय. ते मला बघवत नाही. कन्सल्टिंग हा शब्द माझा होता, पुठ्ठ्यावर नाव माझं होतं."

मला वाटलं, आता ही रडेल किंवा रागावेल. तिचा चेहरा उजळला. अगदी मिक्सरमधला बिघाड सापडल्यासारखा. "एवढंच ना?" ती म्हणाली. "म्हणजे डिग्रीत खोट नाही. मी तर घाबरले होते हो. काल सबंध दुपार पुठ्ठा परत तपासला." आणि उठून माझ्या हातातली ओली चादर तिनं दुसऱ्या टोकाला धरली. आम्ही दोघींनी मिळून ती पिळली.

खाली येऊन मी आईला सांगितलं की काल चुकीचं बोलले, पाठव तिला. यात मोठेपणा अजिबात नव्हता. तिच्या समोर दुसऱ्यांदा तेच खोटं बोलायची हिंमत नव्हती, इतकंच. जून संपायच्या आत ती गेली. जाताना आईला मिक्सरच्या भांड्याचं रबर कसं बसवायचं ते दाखवून गेली, आणि मला वाकून नमस्कार करायला आली, तेव्हा मी पाय मागे घेतले.

दोन वर्षांनी ती कारखान्यांना सल्ला देणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत लागली. दादानंही पुण्याला नोकरी बघितली. आता ती देशभरच्या गिरण्यांमधून फिरते, शेठ लोकांसमोर उकिडवी बसत नसेल, पण प्रश्न तोच विचारत असणार. फोटो पाठवते. मी लगेच बघत नाही. तासाभराने बघते आणि अंगठ्याचं चिन्ह पाठवते.

गेल्या महिन्यात एक अनोळखी फोन आला. अमळनेरची मुलगी होती, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. कन्सल्टिंगला जायचंय, कोणती मास्टर्स करू, असं विचारत होती. "तुमच्या वहिनींनी तुमचा नंबर दिला," म्हणाली. मग जरा अडखळत, "त्या म्हणाल्या, जे लागले नाहीत त्यांना आधी विचार."

मी 'नंतर करते' म्हणून फोन ठेवला आणि तडक पुण्याला लावला. काय वाट्टेल ते बोलले. माझं अपयश आता गावभर वाटायला काढलंस का, म्हटलं. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, लागलेली मी आहे ना, मला विचारून काय उपयोग? आणि न लागलेल्या पुष्कळ आहेत. पण विचारल्यावर खरं बोलणारी मला एकच भेटलीय, गच्चीवर."

मला तिचा तेव्हाही मत्सर वाटला. असं वाक्य मला सात जन्मांत सुचलं नसतं.

मी त्या मुलीला परत फोन केला. तासभर बोलले. काचेच्या दरवाज्याचं सांगितलं, विमावाल्यांचं सांगितलं, नाक मुरडल्याचंही सांगितलं. ती मध्येच म्हणाली, "थांबा ताई, लिहून घेते, कागद आणते."

"कागद नको," मी म्हटलं. "घरात साडीचा पुठ्ठा आहे का बघ."