ठकूची खेकडीण आणि कांबळे मॅडम

कांबळे मॅडमच्या वर्गात गोष्ट सांगायला उभं राहिलं की तोंड उघडायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, "कुणाची?" गोष्ट राजाची की राक्षसाची, हे त्यांना विचारायचं नसायचं. ज्या बाईकडून ती ऐकली तिचं नाव हवं असायचं. "आईची" म्हटलं तर म्हणायच्या, "आई हे नातं झालं. नाव सांग." नाव नाही तर गोष्ट नाही. खाली बस.

तळेगावच्या कॉलेजात त्या आम्हाला फ्रेंच शिकवायच्या. तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांचे तेवढे पैसे, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही ते कॉलेजच्या मर्जीवर. मी जवळच्याच भाजे गावची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. फ्रेंच घेतलं ते लोणावळ्यात एखाद्या हॉटेलात नोकरी लागेल म्हणून. वर्गातल्या बहुतेकींचं तेच होतं आणि मॅडमना ते ठाऊक होतं. "'या, बसा' म्हणायला मी तुम्हाला पंधरा दिवसांत शिकवते," त्या पहिल्याच तासाला म्हणाल्या. "उरलेलं वर्ष बायकांचं."

बायका म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समधल्या. मोठ्या घरच्या. एकमेकींच्या दिवाणखान्यात जमायच्या आणि परीकथा रचून सांगायच्या. एकीची संपली की दुसरी. कुणाचं कोवळ्या वयात वयस्क सरदाराशी लग्न लावून दिलेलं, कुणाला राजानं दरबारातून हाकललेलं. उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यांच्या गोष्टींत राजे मूर्ख निघायचे आणि पऱ्या राज्य चालवायच्या. "परीकथा हे नावसुद्धा ह्याच बायकांनी रूढ केलं," मॅडम टेबलावर बोट आपटत सांगायच्या. "आणि जगानं लक्षात कुणाला ठेवलं? त्यांच्यातच ऊठबस असलेल्या एका पुरुषाला! बाईच्या पुस्तकावर एक तर नाव नाही, नाहीतर नवऱ्याची पदवी. ज्याच्यापासून पळाली, त्याचंच नाव हिच्या कपाळावर."

मॅडम लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढल्या. वडील गँगमन. सुती साडी आणि पायात मुलांसारखे पांढरे बूट, असा त्यांचा अवतार. स्टाफरूममध्ये एकानं खोचकपणे विचारलं होतं, "कांबळे मॅडम, तुम्हाला हे फ्रेंच कुठून सुचलं हो?" मॅडमनी चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं, "आमच्या आजोबांनी धर्म बदलला, मी एक भाषा जास्तीची घेतली. तुमचं काय गेलं, सर?"

माझी पाळी आली तेव्हा मी चुलतीची गोष्ट सांगायचं ठरवलं. आम्ही तिला नानी म्हणतो.

"कुणाची?"

"नानीची. लक्ष्मी नाव आहे."

"माहेरचं की सासरचं?"

आमच्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतात. नानी लक्ष्मी होऊनच आमच्या घरात आली होती. त्याआधी ती कोण होती हे घरात कुणीच कधी काढलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "विचारून ये. गोष्ट थांबेल तोवर."

संध्याकाळी नानी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "रेशन कार्डात हाय की लक्ष्मी."

"ते नाही. लग्नाआधीचं."

सूप थांबलं. "ठकू," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "लय वर्सांनी जिभंवर आलं बाई."

"आणि ती गोष्ट कुणी सांगितली तुला?"

"कोन सांगतंय? मीच जुळवली. वड्यात खेकडी धरताना."

दुसऱ्या दिवशी मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "ठकूची."

गोष्ट अशी. एका राणीनं भर दरबारात राजाला खोटं ठरवलं. राजानं मांत्रिकाकडून तिची खेकडीण केली आणि ओढ्यात टाकली. खेकडीण उगमाशी गेली, दगडाखाली बसली आणि तिनं पाणी अडवलं. गावाला सोडायची, राजवाड्याला नाही. शेवटी राजा स्वतः आला. ती म्हणाली, आधी वाक, मग पी. राजा वाकला आणि तिनं त्याचं नाक नांगीत धरलं. तो रडला, भेकला, म्हणाला, तुला पुन्हा राणी करतो. खेकडीण म्हणाली, आठ पाय मिळालेत मला, आता दोनावर कशाला येऊ?

मॅडम एवढ्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "पॅरिसमध्ये असती ना तुझी ठकू, तर त्या बायकांनी तिला मधोमध बसवलं असतं."

त्यांनी ती गोष्ट माझ्याकडून मराठीत आणि फ्रेंचमध्ये लिहून घेतली आणि कॉलेजच्या वार्षिकांकाला दिली. अंकाचे संपादक मराठीचे एक ज्येष्ठ सर होते. प्रूफ आलं तेव्हा गोष्टीवर छापलेलं होतं, 'मावळची लोककथा', आणि खाली संकलन म्हणून सरांचं स्वतःचं नाव. शेवटी राजाला पश्चात्ताप होऊन राणी पुन्हा राणी झाली होती.

मॅडम मला बरोबर घेऊनच सरांकडे गेल्या. सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, लोककथेला कर्ता नसतो हो."

"हिला आहे. भाज्यात राहते. गुडघे दुखतात तिचे."

"चार ओळींसाठी एवढं? पुढच्या वर्षीचे तास कुणाला द्यायचे हे मी सुचवत असतो, तेवढं लक्षात असू द्या."

"तास तुमचे आहेत, द्या नाहीतर ठेवा," मॅडम म्हणाल्या. "गोष्ट तुमची नाही."

त्याच पावली आम्ही स्टेशनजवळच्या छापखान्यात गेलो. कॉम्प्युटरवर बसलेला माणूस कुरकुरला, "सरांनी ओके दिलंय मॅडम. मला बोलणी बसतील."

"अंकाच्या समितीत मीही आहे. विचारलं तर माझं नाव सांग. बिनधास्त सांग, कांबळेंनी उभं राहून बदलून घेतलं." आणि खरोखरच, पान नव्यानं निघेपर्यंत त्या उभ्याच राहिल्या. खुर्ची दिली होती, बसल्या नाहीत.

अंक वाटला गेला आणि व्हायचं ते झालं. प्राचार्यांनी बोलावून माफी मागायला सांगितलं. मॅडमनी अंक त्यांच्यासमोर उघडून ठेवला. "चूक दाखवा, लगेच मागते. नाव चुकीचं छापलंय का?" जूनच्या वेळापत्रकात फ्रेंच हा विषयच नव्हता. आम्ही मुली विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, विद्यार्थी कमी येतात. वर्गात आम्ही बावीस जणी होतो.

त्याच आठवड्यात मॅडम अंक घेऊन भाज्याला आल्या. नानी दारातच सूप घेऊन बसली होती. नाना, म्हणजे माझे चुलते, ओट्यावर तंबाखू मळत होते. मॅडमनी मोठ्यानं वाचलं, "खेकडीण. रचणारी आणि सांगणारी, ठकू बाळू शिंदे."

नाना म्हणाले, "ही ठकू कुटली? बाळू शिंदे तर माजं सासरं."

"मी हाय," नानी म्हणाली.

नानांचा हात थांबला. "तुजं नाव ठकू व्हतं?"

"व्हतं न्हाई. हाय."

"मंग कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी इचारलं कवा?"

नानीनं पानावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही, पण तिनं मॅडमना ते नाव कुठून कुठपर्यंत आहे ते दाखवायला लावलं. मग माझ्याकडे आणि मॅडमकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, "पोरीचं तोंड उतरलंय. बाई, तुमच्या नोकरीला काय झालं काय?"

मॅडमनी लपवलं नाही. "गेली."

"माज्या नावापायी?"

"नाही मावशी. माझ्या तोंडापायी. आणि तोंड आहे अजून."

मी म्हटलं, आता नानी रडते की काय. तिनं सूप बाजूला सारलं, पदर खोचला आणि चटई पुढं ओढली.

"बसा खाली," ती म्हणाली. "दुसरी सांगते. ही पयलीपरीस वाईट हाय. ही बी छापा."

मॅडमनी बूट काढले आणि मांडी घालून बसल्या.