सव्वा महिन्याचं पाणी

"तुमच्या गावात प्याले पाणी नाई, अन् बाळंतीण कुठं नेता?"

रेणूची सासू रुखमाबाई हे बोलली ते ओटीभरणाच्या जेवणात, भर पंगतीत. शिरपूरला त्यांचं घर मोठं, शेतातल्या विहिरीवर मे महिन्यातही मोटर चालते. बोलणं खोटं नव्हतं, पण ते बायकांच्या देखत झालं. रेणूची आई, आमची पंचफुलाकाकू, तिचा घासाचा हात पानावरच थांबला.

"पाणी नाई म्हून पोरीचं माहेर आटत नाई, ईहीनबाई," ती म्हणाली. "सव्वा महिना ठेवीन, इहीर पुजीन, मंगच धाडीन."

मी तिच्या शेजारी बसले होते. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं, आणि जे पाहिलं नाही ते भिंतीपलीकडून ऐकलं.

आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना पाण्याच्या भांड्यांना शिवत नाही. पाणी मागायचं, कुणी दिलं की प्यायचं. सव्वा महिना झाला की हळदकुंकू, खण, नारळ घेऊन ती विहिरीवर जाते, विहिरीची ओटी भरते, स्वतःच्या हाताने पहिली घागर शेंदून घरी आणते. त्या घागरीपासून ती पुन्हा घरातली बाई. पहिलटकरणीचं हे सगळं माहेरी व्हावं, अशी रीत.

काकूच्या वाट्याला हे आलं नव्हतं. रेणूच्या वेळी तिची आई हयात नव्हती. सासरी, गोठ्यालगतच्या खोलीत ती बाळंत झाली. सोयाबीन काढणीचे दिवस होते आणि घरातली सगळी माणसं शेतात. "मले एक दिवस कोणं उन पाणी टाकलं नाई अंगावर," हे ती इतक्यांदा सांगायची की आम्ही पुढचं वाक्यही बोलून दाखवायचो: "माह्या पोरीले मी सव्वा महिना टाकीन."

रेणू बाळंत होऊन लहानगीसकट दवाखान्यातून माहेरी आली तेव्हा उन्हाळा चढला होता. आमचं गाव आसेगावहून आत, माळावर आहे. घरोघरी योजनेचे नळ आहेत. त्या कामावर मी डिप्लोमा संपवून पहिल्यांदा साइटवर उभी राहिले होते. पाइपलाइन चांगली आहे, टाकी चांगली आहे. सरकारी कागदात जिला 'उद्भव' म्हणतात ती विहीर मात्र होळीच्या आधीच खडकाला लागली. नळाच्या तोट्यांना आता लोक पिशव्या अडकवतात.

आधी टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. मग बायका दोर-बादल्या घेऊन चारी बाजूंनी तुटून पडायच्या, कारण वेळ गेला की पाणी तळाच्या भेगांत मुरायचं. त्या ओढाताणीत एक बाई आत पडली आणि तिचा हात मोडला. मग ग्रामपंचायतीने ठरवलं, टँकर गल्लीगल्लीतून फिरेल, घराला एक ड्रम. माणसं किती, ते विचारायचं नाही. आणि टँकर आला तेव्हा दारात कुणी नसेल तर पाळी गेली.

काकूने पहिल्याच दिवशी वाद घातला. टँकरवाला गोविंदसिंग पाइप हातात धरून उभा होता.

"घरात बाळंतीण हाये रे, भाऊ. अर्धा ड्रम जास्त टाक."

"काकू, सगळ्यायच्याच घरी कोणी ना कोणी हाय. काल एकानं मले मैस बाळंतीण हाय म्हून सांगतलं."

"मंग देलं का मैशीले?"

"नाई."

"मंग मैशीपेक्षा माह्यी पोरगी काय मोठी," असं म्हणून काकू स्वतःच हसली आणि ड्रमवर झाकण ठेवून वर फडकं बांधलं.

घरात ती, रेणू आणि लहानगी. काका, म्हणजे शालिग्रामकाका, होळी झाली की पुण्याकडे वॉचमनच्या कामाला जातात ते पेरणीलाच परततात. त्या एका ड्रममध्ये पुढचा टँकर येईपर्यंत भागवायचं होतं: स्वयंपाक, पिणं, भांडी, लंगोट आणि रेणूची अंघोळ. बाकी सगळ्यात काकूने कात्री लावली, अंघोळीत लावली नाही. रोज सकाळी चुलीवर पाण्याचा गुंड चढायचा. रेणूला पाटावर बसवून, तिच्या पाठीला तेल चोळून, काकू कढत पाणी गडव्या-गडव्याने सोडायची. पाटाखाली मोठं टोपलं असायचं. त्यात जमलेलं पाणी लंगोटांना, लंगोटांचं पाणी न्हाणीतून पुन्हा भरून अंगणातल्या कढीपत्त्याला. मी साइटवर पाण्याच्या पुनर्वापराचे तक्ते पाहिलेत. एवढा कडक तक्ता एकही नव्हता.

ती स्वतः मात्र ओल्या फडक्याने अंग पुसून घेई. ओट्यावर गल्लीतली सोनीबाई एकदा म्हणालीच, "पंचफुला, अंघोयीले सुट्टी हाये का? जवळ बसलं की कळते वं."

"कळते तं दूर बस. ओटा काय लहान हाय का?"

हसणं झालं. पण काकूचे ओठ फुटले होते, आणि हसताना खालच्या ओठातून रक्त आलं ते तिने पदराने टिपलं.

बाळंतिणीला पाणी कमीच द्यायचं, हेही आमच्याकडे जुन्या बायका पक्कं धरून आहेत. जास्त पाण्याने पोट सुटतं, म्हणतात. म्हणून ओवा टाकून उकळलेलं पाणी, तेही अर्धा गिलास, मागितलं तर. रेणू सुरुवातीला मागायची. ऊन असं होतं की दुपारी पत्र्याखाली श्वासही गरम लागे. मी भिंतीपलीकडून ऐकायचे, "आई, पाणी." मग हळूहळू ते ऐकू येईनासं झालं.

मे निम्मा सरला तसा एक दिवस काकू मला हाताला धरून आत घेऊन गेली. तिच्या तोंडावर कधी नव्हे तो आनंद होता. तिने ड्रमवरचं फडकं सोडलं.

"पाह्य, योगिनी. टँकर उद्या येईन, अन् अजून अर्ध्याच्या जवळ हाये. तुह्या डिप्लोम्यात शिकवतात का असं?"

"कसं काय पुरलं, काकू?"

"पोरगी शहाणी हाये माह्यी. पाणी मांगत नाई. अन् नात तं तिच्याहून गुणाची. लंगोटच भिजवत नाई. आधी दिवसभर धुवा लागे, आता दोरीवर पाह्य, दोनच हायेत. झोपूनच राह्यते बिचारी. आजीले तरास नाई द्याचा म्हणते."

दोरीवर खरंच दोनच लंगोट होते. रेणू बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळ तिच्या कुशीत होतं, डोक्यावर तेलाचा डबडबीत थर. "टाळू जराशी खोल गेल्ली," काकू म्हणाली, "म्हून दोन टाइम तेल भरून राह्यली मी." तिने बोटाने आणखी तेल घेतलं आणि हलक्या हाताने टाळूवर जिरवलं. बाळ जागं झालं नाही. मीही म्हटलं, चांगलं आहे. मला त्यातलं काय कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या आशा कार्यकर्त्या साधनाताई आल्या. त्यांची घरभेट होती. काकूने त्यांच्यासमोर गुळाचा खडा आणि पाण्याचा गिलास ठेवला. साधनाताईंनी गूळ घेतला, गिलास तसाच परत दिला. आमच्या गावात उन्हाळ्यात कुणी कुणाच्या घरचं पाणी पीत नाही, हाच मान.

त्यांनी झोळीत घालून बाळाचं वजन केलं. काटा पाहिला, झोळी उतरवली, पुन्हा चढवली.

"काकू, जन्मल्यापेक्षा कमी भरून राह्यलं. दिवसातून लघवी किती वेळा करते?"

"फार कमी, बाई," काकूने कौतुकाने सांगितलं. "काल सकाळपासून एकच लंगोट धुतला."

साधनाताईंचा हात थांबला. त्यांनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती जागेवर जायला वेळ लागला. तळव्यावर टिचकी मारली. बाळाने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

"रेणू, दूध उतरते का?"

रेणूने मान हलवली. नाही.

"पाणी किती पेतं तू?"

"मी मांगतच नाई."

"काहून?"

रेणू आईकडे पाहत नव्हती. "आई चूळ भरते अन् थुंकून देते. गिळत नाई. मी पाह्यलं. मी मांगलं का तिच्या वाट्याचं जाते. मले तं पाण्याले शिवता येत नाई, का मी उठून तिलेच भरून देऊ."

काकू उभी होती तिथेच भिंतीला टेकली. जो ड्रम तिने मला काल दाखवला होता, त्यात काय उरलं होतं ते तिला आता कळलं. मलाही.

साधनाताई गाडीसाठी फोन लावत बाहेर गेल्या. काकूने ड्रमचं फडकं ओढून फेकलं, गडवा बुडवला आणि रेणूसमोर धरला. रेणूने दोन घोट घेतले आणि गडवा परत केला.

"पुरे."

"पुरे कायचं? पे."

"तू पे आधी."

"पे म्हणतो न तुले!" काकू ओरडली. मग तिने जे केलं ते मी पहिल्यांदाच पाहिलं. ती देवळीकडे गेली, करंड्यातलं हळदकुंकू चिमटीने आणलं आणि त्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रमाला बोटं ओढली. कुंकू चिकटेना, खाली गळालं. तिने बोट पाण्यात बुडवून पुन्हा ओढलं. ओटीसाठी आणून ठेवलेला खण झाकणावर ठेवला.

"झाली पूजा. हेच तुही इहीर. आता कोनाले मांगू नको. उठ. आपल्या हातानं घे."

"आई, सव्वा महिना कुठं झाला?"

"झाला. मी सांगतो, झाला. उठ माय, उठ."

रेणू बाजेवरून उठली, ड्रमाच्या काठाला धरून वाकली, आणि गडवा भरून प्यायली. पुन्हा भरला. पिताना तिच्या गळ्यातून लहान पोरासारखा आवाज येत होता. काकू बाळाला छातीशी धरून तिच्याकडे पाहत होती आणि पुटपुटत होती, "अजून. अजून."

मंगरूळच्या दवाखान्यात जाईपर्यंत रस्ताभर तिने बाळाच्या नाकासमोर बोट धरून ठेवलं. खड्ड्यात गाडी आदळली की बोट हलायचं आणि ती पुन्हा धरायची. "शिवली का हवा? शिवली," असं स्वतःलाच सांगायची. तिथे बाळाला भरती केलं, रेणूलाही सलाइन लागलं. बाळाच्या हाताची शीर सापडेना. मग डोक्यावर शोधली. नर्सला आधी ते तेल पुसावं लागलं. कापसाचे बोळे पिवळे होत होते आणि काकू म्हणत होती, "मीच भरलं, बाई. मले वाटलं तेलानं भरून येईन."

दोन दिवस बाळ कधी वर, कधी खाली. काकू वॉर्डाच्या दारातून हलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाने नर्सच्या हातावर लघवी केली. नर्स ओरडली, "अगं बाई!" आणि काकू खाली बसून रडली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सांगितलं, बाळ वाचलं, पण आईने दर पाजण्याआधी पोटभर पाणी प्यायचं. पोट सुटतं वगैरे काही नाही. दिवसभर पाणी पाहिजे. "घरी पाण्याची सोय आहे ना?"

मी बोलायला तोंड उघडलं, काकूने माझा हात दाबला. मग बाहेर येऊन माझाच फोन मागितला.

"ईहीनबाई," ती म्हणाली. "मी पंचफुला. गाडी घेऊन या. पोरीले न्या."

पलीकडे रुखमाबाई काय बोलली ते ऐकू आलं नाही. काकू म्हणाली, "नाई, रागानं नाई. न्या."

रुखमाबाई दुपारी आली, जावई ऋषिकेश बरोबर. वॉर्डात शिरताच ती म्हणाली, "मी तं तवाच म्हणलं होतं..." आणि काकूच्या ओठांकडे पाहून थांबली. तिने थर्मासमधून चहा ओतून काकूपुढे धरला. "तुमी बी चला शिरपूरले. पोरीजवळ राहा."

"मी आली तं दारात कोण राह्यन? पाळी जाते."

गाडीत बसताना रेणूने आईचा पदर धरून ठेवला होता. काकूने तिची बोटं एकेक करून सोडवली. म्हणाली, "पाणी पेत जाजो."

त्यानंतर ड्रम पुरू लागला. एका बाईला तो पुरतोच. काकू अंघोळ करते की नाही, हे सोनीबाईनेही विचारलं नाही. हळदकुंकवाचा डाग ड्रमावर वाळून राहिला होता, ती घासत नव्हती. मी दोनदा आपल्याकडचं ताक घेऊन गेले. दोन्ही वेळा तिने ते चुलीपाशी ठेवलं आणि संध्याकाळी तसंच होतं.

सव्वा महिन्याच्या दिवशी ती सकाळीच आमच्या दारात आली. "योगिनी, तुह्या फोनवर चित्र दिसते न?"

मी ऋषिकेशला व्हिडिओ कॉल लावला. आधी आभाळ दिसलं, मग रुखमाबाईचं कपाळ, मग विहिरीचा काठ. रेणू नव्या साडीत होती. गाल भरले होते. तिने विहिरीची ओटी भरली, खण वाहिला, तोच ड्रमावरचा खण, दवाखान्यात जाताना काकूने गाडीत तिच्या पिशवीत खुपसलेला. मग तिने दोर धरला.

"दिसून राह्यलं का, आई?"

"दिसते. जास्त वाकू नको."

घागर वर आली. काठावर टेकताना पाणी हिंदकळून रेणूच्या पायांवर सांडलं. बायका हसल्या. कुणी म्हणालं, सांडू दे, शुभ असते. काकू फोन दोन्ही हातांनी धरून होती. तिचं तोंड पडद्याच्या इतकं जवळ होतं की तिच्या श्वासाने काच धूसर होत होती आणि ती पदराने पुसत होती.

"रेणू," ती म्हणाली, "एक ओंजळ पे न वं. मले पाहू दे."

रेणूने घागर कलती केली, ओंजळ भरली आणि प्यायली. हनुवटीवरून पाणी ओघळलं.

"अजून एक," काकू म्हणाली.